जागा असते, दिसत का नाही? रग्बीतलं आक्रमण शिकवण्याबद्दल

तुमचा प्रश्न असा: १७-१८ वर्षांच्या मुलांचा संघ आहे, सरावात ठरवलेल्या चाली अगदी चोख बसतात, पण सामन्यात डाव्या बगलेला तीन जण मोकळे असताना तुमचा फ्लाय-हाफ (आक्रमणाची दिशा ठरवणारा खेळाडू) उजवीकडच्या गर्दीत घुसतो. परवाच्या सामन्यात असं चारदा झालं. आक्रमणाची संधी हेरायची नजर शिकवता येते का, की ती उपजतच असावी लागते?

शिकवता येते. उपजत नजर घेऊन आलेली मुलं मला इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली, बाकीच्यांना शिकवावंच लागलं. आणि अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सरावात चाली चोख बसतात याचा अर्थ तिथे समोर बचाव नसतो, किंवा असतो तो तुम्ही सांगाल तिथे मुकाट उभा राहतो. जिथे बघण्यासारखं काही नाही तिथे मान वर करायची सवय लागणार कुठून? पोरं तुम्ही शिकवलं तेच करताहेत: चाल आठवायची आणि पार पाडायची.

म्हणून आधी निदान करा. ‘दिसत नाही’ या दोन शब्दांखाली चार वेगळी दुखणी लपलेली असतात. पहिलं, मुलगा बघतच नाही. दुसरं, बघतो पण कशाकडे बघायचं ते त्याला कळत नाही. तिसरं, ज्याला दिसतं तो बोलत नाही. चौथं, सगळं दिसतं, पण चुकलो तर काय होईल या धास्तीने तो सोपा पर्याय धरतो. चारही दुखण्यांवर एकच औषध दिलं तर वर्ष वाया जातं.

ओळखायचं कसं? त्या सामन्याचं चित्रण असेल तर फ्लाय-हाफच्या हातात चेंडू पडायच्या अर्धा सेकंद आधी ते थांबवा आणि त्यालाच विचारा, जागा कुठे आहे. दहापैकी आठ मुलं बिनचूक सांगतात. म्हणजे ज्ञान आहे, मैदानावर ते वेळेवर हाताशी येत नाही. मग सरावात खेळ चालू असताना अचानक शिट्टी मारा, सगळ्यांना जागच्या जागी डोळे मिटायला सांगा आणि एकेकाला विचारा: तुझ्या डावीकडे त्यांचे किती जण? मागे किती? पहिल्या दिवशी जी उत्तरं मिळतात ती ऐकून हसू आवरत नाही. पण दोन आठवडे हे रोज तीन-चारदा करा. शिट्टी कधी वाजेल याचा नेम नसल्यामुळे मुलं आपोआप नजर फिरवत राहतात. मला माहीत असलेल्या सगळ्या युक्त्यांत इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी दुसरी नाही.

आता कशाकडे बघायचं. त्याआधी मुलांना एक हिशेब फळ्यावर मांडून दाखवा, कारण जागा नेहमीच असते यावर त्यांचा विश्वास बसायला हवा. मैदानाची रुंदी जास्तीत जास्त ७० मीटर. समोर १५ जण. त्यातले दोन जण किकसाठी खोल उभे, एक जण बचावफळीच्या लगेच मागे फिरता, आणि दोघे रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूभोवतीची रेटारेटी) किंवा नुकत्याच झालेल्या टॅकलमधून (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) उठताहेत. उरले दहा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात मीटर. सात मीटर एकट्याने राखणं कोणालाच जमत नाही, म्हणून ते चेंडूजवळ गर्दी करतात आणि लांबची बाजू उघडी टाकतात. किंवा सगळीकडे पसरतात आणि मधे फटी ठेवतात. किंवा मागच्या दोघांतला एक पुढे आणतात आणि पिछाडी मोकळी सोडतात. चौथा मार्ग नाही. बचाव कुठेतरी उधारी करतोच, ती कुठे केली आहे एवढंच शोधायचं असतं.

म्हणून मी मुलांना चार ठिकाणं शिकवतो: बाहेर, मधे, मागे आणि जवळ. बाहेर म्हणजे बगलेकडे आपण जास्त की ते. मधे म्हणजे दोन बचावपटूंमधलं अंतर बाकीच्यांपेक्षा मोठं आहे का, किंवा रेषा वाकडी आहे का, एक जण पुढे धावला आणि शेजारचा मागे राहिला असं. मागे म्हणजे पिछाडीला किती जण, कुठे. जवळ म्हणजे रकच्या अगदी कडेला कोणी उभं आहे का, विशेषतः ब्लाइंड साइडला, म्हणजे मैदानाच्या कडेकडच्या अरुंद बाजूला. नवख्या मुलांना चारही एकदम देऊ नका. पहिला महिनाभर फक्त ‘बाहेर’. मोजायला सोपं असतं आणि बरोबर आलं की हुरूप येतो.

पण आकड्यांवर थांबणारे प्रशिक्षक मला अपुरे वाटतात. तीनास दोन (आपले तीन, त्यांचे दोन) हे कागदावर आक्रमणाच्या बाजूचं असतं. बाहेरचा बचावपटू सुसाट पुढे येऊन पासची वाटच अडवत असेल तर तिथे चेंडू पाठवणं म्हणजे आपल्या विंगरला (बगलेवरच्या खेळाडूला) मार खायला पाठवणं. म्हणून पुढची पायरी शरीर वाचायची. समोरच्याचे खांदे आणि कंबर कुठे वळली आहे? कंबर बाहेर वळली असेल तर तो बगलेकडे सरकतोय, त्याच्या आतल्या बाजूने जागा उघडेल. तो सरळ तुमच्या अंगावर येतोय तर त्याची पाठ उघडी आहे: त्याच्या डोक्यावरून पास किंवा मागे चिप (छोटी उंच किक). टाचांवर रेलून उभा असेल तर त्याला लगेच दिशा बदलता येणार नाही. गुडघ्यांवर हात टेकून उभा असेल तर काही सांगायलाच नको. आणि समोर कोण आहे हेही बघायला शिकवा. थकलेल्या प्रॉपसमोर (पुढच्या रांगेतला वजनदार खेळाडू) आपला सर्वांत चपळ मुलगा उभा असेल तर तिथे एकास एक असूनही ती संधीच आहे.

पिछाडी वाचण्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मी अजून १९९९च्या विश्वचषक उपांत्य सामन्याचंच देतो. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर फ्रान्स न्यूझीलंडपुढे १०-२४ असा मागे होता. तिथून त्यांनी एकामागून एक गुण घेत सामना ४३-३१ जिंकला. त्यातले फ्रान्सचे दोन ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) मुलांना दाखवा. लामेझोंने बचावफळीवरून टाकलेली चिप दूर्तने झेलली, आणि गाल्तिएच्या किकमागे धावत जाऊन दोमिनिसीने चेंडू गाठला. दोन्ही वेळा जागा समोरच्या फळीच्या पाठीमागे होती. दाखवताना चेंडूकडे बघू देऊ नका. किक व्हायच्या आधी थांबवा आणि पिछाडीला कोण आहे ते विचारा.

बघायचं कधी, हा भाग बहुतेक ठिकाणी शिकवलाच जात नाही. चेंडू हवेत असताना बघून उपयोग नाही, तेव्हा डोळे चेंडूवरच हवेत. बघायची वेळ त्याआधीची: रकमधून उठताना, आपल्या जागेवर परतताना, स्क्रम-हाफ (रकमधून चेंडू बाहेर काढणारा) चेंडूवर हात ठेवतो त्या क्षणी. बहुतेक खेळाडू या वेळात मान खाली घालून, चेंडूला चिकटल्यासारखे त्याच्या मागे जातात. उलट सवय लावायची: उठलास की आधी समोर बघ, मग तुझी जागा घे, चेंडू निघायच्या आत पुन्हा एकदा बघ. त्या दोन नजरांमध्ये काय बदललं, यातच बहुतेक निर्णय असतो. पहिल्या नजरेत त्यांचा विंगर खोल होता आणि दुसऱ्या नजरेत पुढे आला, तर बोलायची गरजच नाही.

इथे हातांचा मुद्दा येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हातांना जे जमत नाही ते डोळे शोधत नाहीत. ज्याला डावीकडे लांब पास येत नाही, त्याला डावीकडची जागा दिसेनाशी होते. तो खोटं बोलत नसतो, ती त्याच्या हिशेबातच नसते. तुमच्या फ्लाय-हाफने चारही वेळा डावी बाजू सोडली आहे. नजरेवर बोट ठेवण्याआधी त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि १२-१५ मीटरचे पास दोन्हीकडे मारायला लावा. डाव्या बाजूचे लोंबत जात असतील तर तुमचा प्रश्न निम्मा सुटला: त्याला रोज दहा मिनिटं डावा पास द्या. तसंच, चेंडू झेलायला ज्याला शेवटपर्यंत टक लावावी लागते त्याला बघायला वेळच उरत नाही. हात आधीच वर, पंजे चेंडूच्या दिशेने, ही जुनीच शिकवण इथे नजर मोकळी करण्यासाठी लागते.

पुढचं दुखणं बोलण्याचं. चेंडू ज्याच्या हातात असतो त्याला मैदानातलं सर्वांत कमी दिसतं, कारण त्याच्यावर दोघे धावून येत असतात. सर्वांत जास्त दिसतं विंगरला आणि सर्वांत मागे उभ्या फुलबॅकला. म्हणून माहिती बाहेरून आत यायला हवी. पण माहिती, मागणी नव्हे. प्रत्येक विंगर जन्मतःच ‘दे, दे, मी मोकळा!’ असं ओरडत असतो. दहा मिनिटांत फ्लाय-हाफ ते ऐकणं बंद करतो, आणि त्याचं चुकतही नाही. त्याऐवजी दोन शब्दांत ठिकाण आणि परिस्थिती: ‘बाहेर दोन’, ‘मागे मोकळं’, ‘आत फट’. शब्द तुमच्या मुलांनाच ठरवू द्या, त्यांनी ठरवलेलेच घाईत तोंडी येतात. निरोप एकेका माणसाकडून पुढे सरकतो: विंगरकडून बाहेरच्या सेंटरला (फ्लाय-हाफ आणि विंगर यांच्या मधला खेळाडू), त्याच्याकडून आतल्याला, मग फ्लाय-हाफला. चेंडू निघायच्या आधी तो पोहोचला पाहिजे. उशिरा आलेला बरोबर निरोप हा चुकीच्या निरोपाइतकाच घातक.

सरावात हे कसं बसवायचं? बचावपटूंना खोटं बोलायची मुभा द्या, एवढंच सूत्र. माझा आवडता खेळ असा. आक्रमणाला आठ, बचावाला सहा. मी आक्रमणाच्या पाठीमागे उभा राहतो आणि बचावाला बोटांनी खूण करतो: एक बोट म्हणजे डावी बगल उघडी सोडा, दोन म्हणजे मधे फट ठेवा, तीन म्हणजे पिछाडीचा माणूस पुढे आणा, मूठ म्हणजे तुमचं तुम्ही ठरवा. प्रत्येक रकनंतर खूण बदलते. आक्रमणाला खूण दिसत नाही, फक्त तिचा परिणाम दिसतो. गुण देण्याची पद्धत मात्र नीट ठरवा. मी बरोबर जागा निवडली की दोन गुण देतो, मग पास सुटला तरी चालेल, आणि ट्राय झाला तर वर एक. सुरुवातीला मुलांना हे विचित्र वाटतं, पण निर्णय आणि अंमल ही दोन वेगळी कामं आहेत हे त्यांना यातूनच कळतं.

दुसरा प्रकार दोनास एकचा, पण जिवंत. बॅग धरून उभा राहिलेला बचावपटू नको. त्याने ठरवावं: चेंडूवाल्यावर जायचं, सरकायचं की जागीच थबकायचं. मग तीनास दोन करा आणि तिसरा बचावपटू दोन सेकंद उशिरा बाजूने सोडा. संधी नासते हे मुलांना त्या वेळी अंगावर कळतं. एकदा बघितलं म्हणजे काम झालं असं होत नाही.

तिसरा, चेंडू हिसकावल्यानंतरचा. खेळ ऐन रंगात असताना शिट्टी मारून नवा चेंडू बचाव करणाऱ्या बाजूकडे फेका. त्या क्षणी समोरचा संघ आक्रमणाच्या रचनेत असतो, पिछाडी रिकामी, माणसं विस्कळीत. अशा वेळी बहुतेक संघ चेंडू मिळाल्याच्या आनंदात तिथेच आपटतात. माझा नियम एकच: आधी गर्दीपासून दोन पास लांब, मग काय ते ठरवा. पाच-सहा सेकंदांत बचाव सावरतो, तेवढीच मुदत.

जागा दिसली, निरोप आला, तरी ती हातची जाते ती बहुधा एकाच कारणाने: आडवं धावणं. तीनास दोन असताना चेंडूवाला मोकळ्या जागेकडे तिरका पळत सुटतो. बचावपटू त्याच्याबरोबर आरामात सरकतो, टचलाइन (मैदानाच्या कडेची रेषा) त्यांच्या मदतीला येते, आणि विंगरला चेंडू मिळतो तेव्हा त्याच्याकडे मीटरभर जागा उरते. सरळ धावायला लावा, तेही बचावपटूच्या आतल्या खांद्यावर. त्याला गुंतवायचं, म्हणजे त्याची कंबर आपल्याकडे वळेपर्यंत चेंडू सोडायचा नाही. फार लवकर सोडला तर तो बाहेर सरकायला मोकळा, फार उशिरा सोडला तर टॅकलमध्ये चेंडू अडकतो. हा क्षण शब्दांनी शिकवता येत नाही, शंभर वेळा करूनच येतो. आणि पास घेणाऱ्याला थोडं खोल उभं करा. सपाट उभा राहिलेला खेळाडू चेंडू थांबून घेतो आणि सगळा वेग तिथेच संपतो.

नियमांनी फुकट दिलेल्या जागाही आहेत, त्या मुलांना पाठ हव्यात. स्क्रममध्ये (खेळ पुन्हा सुरू करताना एकमेकांना रेटायची झुंज) दोन्हीकडचे आठ-आठ जण बांधलेले, बाकीचे स्क्रमच्या मागच्या पायापासून पाच मीटर मागे. स्क्रम-हाफ सोडला तर समोर सहाच बॅक (मागच्या फळीतले खेळाडू) उरतात, त्यातला किमान एक खोल. म्हणजे ७० मीटरला पाच जण. लाइनआउटला (बाहेर गेलेला चेंडू कडेवरून आत फेकला जातो तेव्हा) रांगेबाहेरचे खेळाडू दहा-दहा मीटर मागे असतात, दोन्ही फळ्यांमध्ये वीस मीटर. ठरवलेल्या चाली खरं तर इथेच वापरायच्या, कारण बचाव कुठे असेल हे आधीच माहीत असतं. २०२१ पासून आलेल्या ५०:२२ नियमाने आणखी एक पेच घातला आहे: आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा खाऊन समोरच्यांच्या २२ मीटर रेषेच्या आत मैदानाबाहेर गेली तर लाइनआउटचा चेंडू आपलाच. त्या भीतीने त्यांचा विंगर मागे थांबला तर पुढच्या फळीत एक माणूस कमी. आणि पंचाने पेनल्टीचा अ‍ॅडव्हांटेज दिला असेल (समोरच्यांची चूक झाली, पण खेळ चालू ठेवला, फायदा नाही झाला तर पेनल्टी आपल्यालाच) तर चुकण्याची किंमतच नाही, तेव्हा लांब पास, आडवी किक, काहीही करून बघावं. माझ्या पाहण्यातले निम्मे संघ अ‍ॅडव्हांटेज आहे हे लक्षातच घेत नाहीत.

राहिलं चौथं दुखणं, धास्तीचं, आणि इथे आपल्याकडेच बघावं लागतं. मी एकदा एका मुलाला मध्यंतराला बाहेर बसवलं होतं. त्याचा लांब पास समोरच्या सेंटरने हवेतच पळवला आणि ट्राय केला. पास चुकला होता, निवड बरोबर होती. मी फक्त गुणफलक पाहिला. पुढचे कित्येक आठवडे संघातल्या एकानेही लांब पास टाकला नाही, आणि मी मात्र मुलांना जागा दिसत नाही म्हणून कुढत होतो.

या संदर्भात स्कॉटलंडच्या फ्लाय-हाफ फिन रसेलचा एक पास दाखवा. २४ फेब्रुवारी २०१८, मरेफील्ड, इंग्लंडविरुद्ध. स्वतःच्या २२जवळून त्याने इंग्लंडच्या जोनाथन जोसेफच्या डोक्यावरून आपल्या ह्यू जोन्सकडे लांब पास टाकला. जोसेफ धावून पुढे आला होता, म्हणजे त्याच्या मागे जागा होती. बोटभर खाली गेला असता तर इंग्लंडला आयता ट्राय. तो पोहोचला, आणि त्याच चालीत पुढे शॉन मेटलंडने ट्राय केला. स्कॉटलंड २५-१३ जिंकला. मुलांना विचारा: हाच पास पळवला गेला असता तर निर्णय चूक ठरला असता का? वाद घालू द्या. मोठ्या मुलांशी मी इथेच मैदानाच्या भागांबद्दल बोलतो, स्वतःच्या २२मध्ये किती जोखीम घ्यायची वगैरे. लहान वयात ते लवकर शिकवू नका, नाहीतर ती रेषा बघतात आणि बचाव बघायचं सोडतात.

आणि टचलाइनवरून ‘बाहेर काढ, बाहेर!’ ओरडणं थांबवा. मीही वर्षानुवर्षं ओरडलो. मग एका सामन्यात गोंगाटात माझा आवाज पोहोचेना, आणि माझा स्क्रम-हाफ चेंडूवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसला. त्याला मी बचावाऐवजी मला वाचायला शिकवलं होतं. आता विरामात मी पहिला प्रश्न ‘तुला काय दिसलं?’ असा विचारतो. ‘असं का केलंस?’ विचारलं की मुलं स्वतःच्या समर्थनाचं भाषण करतात. काय दिसलं विचारलं की खरं सांगतात: ‘तिसरा माणूस दिसलाच नाही’, ‘दिसला, पण पास जाईल असं वाटलं नाही’. कोणतं दुखणं ते लगेच कळतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर या आठवड्यात नवी चाल शिकवू नका. फ्लाय-हाफचा डावा पास तपासा, शिट्टी आणि मिटलेले डोळे रोज, आठास सहाचा खेळ दोनदा, त्यातला एक सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, कारण थकल्यावर मान सर्वांत आधी खाली जाते. आणि त्या डाव्या विंगरला विचारा, चारही वेळा तो मोकळा होता तेव्हा तो नेमका काय म्हणाला होता.